धोंड्याचा उपास

डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी भाचीचा फोन आला. मी नुकताच चहा घेऊन पेपर उघडला होता. तिच्याकडे अजून शनिवारची रात्र होती.

"मामा, तू जरा समजाव ह्याला. तीन आठवडे झाले, सापांना जेवायला घातलेलं नाही. वर नेऊन ठेवलंय तळघरात, थंडीत! बाहेर उणे पंधरा आहे रे."

'हा' म्हणजे तिचा मुलगा, वय वर्षं बारा. ही मंडळी मिनेसोटात राहतात. त्याच्याकडे दोन गार्टर साप आहेत, पाळीव पैदाशीचे, रीतसर विकत आणलेले. आमच्या घरात ही बातमी पहिल्यांदा आली तेव्हा काय गहजब झाला होता ते वाचणाऱ्यांपैकी निम्म्यांना माहीत आहेच. आता मला समजवायला का सांगितलं? तर आमच्या सगळ्या गोतावळ्यात सापाशी कधीकाळी काही संबंध आलेला माणूस मीच. तो संबंध काय होता ते पुढे येईलच. फारसा अभिमानाचा नाही.

मी म्हटलं, "दे त्याला."

फोनवर येऊन त्याने शांतपणे सांगितलं, "आजोबा, आईला कळत नाहीये. आता जेवण बंद केलंय म्हणून ते बरे राहतील. थंडीत जेवण घातलं तर ते मरतील."

मी काही बोललोच नाही. त्याला वाटलं लाईन कट झाली. "हॅलो, आजोबा? हॅलो?"

लाईन चालू होती. मी दारव्ह्याजवळच्या आमच्या घरात, कोठीच्या खोलीत, एका पत्र्याच्या पिप्यापुढे उकिडवा बसलो होतो. साल १९७७.

* * *

तर झालं असं होतं.

दिवाळी होऊन गेली होती. कापसाची वेचणी चालू होती. माझा मोठा चुलतभाऊ, म्हणजे आमचा दादा, आठवीत होता आणि मी पाचवीत. विहिरीच्या पायऱ्यांवर दादाला एक साप दिसला. दोन हात लांब, पिवळट अंगावर बुद्धिबळाच्या पटासारखे काळे चौकोन. पुस्तकात ह्याला दिवड म्हणतात, पाणदिवड म्हणतात, कुठे विरोळा म्हणतात. आमच्याकडे धोंड्या. बिनविषारी. पण स्वभावाने अगदी तापट. धरायला गेलं की मान चपटी करून नागाचा आव आणतो आणि खरोखर कडकडून चावतो. दादाला तो दोनदा चावला. दादाने शर्ट काढून त्याच्यावर टाकला आणि गुंडाळून घरी आणला.

गोडेतेलाचा एक रिकामा पिपा होता. त्याला खिळ्याने भोकं पाडली, तळाशी कुटार घातलं आणि धोंड्या आत. आजीला कळू नये म्हणून पिपा कोठीच्या खोलीत, ज्वारीच्या पोत्यांमागे. त्या खोलीला खिडकी नव्हती. उन्हाळ्यात ती घरातली सगळ्यात गार जागा. हिवाळ्यात तर विचारूच नका.

पहिल्या दिवसांत त्याने नाल्यातून धरून आणलेल्या दोन बोटभर मासोळ्या गट्ट केल्या. आम्हाला आकाश ठेंगणं झालं. मग थंडी पडली. यवतमाळच्या थंडीला परगावचे लोक हसतात. आमचा जिल्हा म्हणजे पंचेचाळीस अंशांचा उन्हाळा, एवढंच त्यांना ठाऊक. पण पठारावरची थंडी ज्यांनी पहाटे पऱ्हाटीच्या शेकोटीपुढे बसून काढली आहे त्यांना विचारा. दुपारी अंगात सदरा नको वाटतो आणि पहाटे पारा दहाच्या आसपास. त्या वर्षी धोंड्याने खाणं सोडलं. गोळा होऊन पडून राहायचा.

आमच्या घरात जेवण सोडणं हा गुन्हा होता. आजीच्या हातून कोणी अर्धपोटी उठलेलं मला आठवत नाही. पाहुण्याने नको म्हटलं की तिला ते 'वाढा' असंच ऐकू यायचं. त्याच घरची आम्ही पोरं. साप जेवत नाही म्हणजे त्याचं काहीतरी बिघडलं, आणि त्यावर उपाय म्हणजे त्याला जेवू घालणं, ह्यात आम्हाला शंकाच नव्हती.

आमचे सालगडी गोठ्यात असायचे. वयाने आजोबांच्या बरोबरीचे. त्यांना पिप्याचा पत्ता लागला होता. एकदा ते दारात उभे राहून म्हणाले, "काऊन तरास देता बापू त्याले? हिवात साप खात नाई. वारा खाऊन रायते थो. सोडून द्या धुऱ्यावर."

दादा हसला. मीही हसलो. आठवीच्या विज्ञानात स्पष्ट लिहिलं होतं की कोणताही प्राणी अन्नावाचून जगू शकत नाही. वारा खाऊन म्हणे!

दुसऱ्या दिवशी दादाने धोंड्याचं तोंड काडीने उघडून धरलं आणि मी मासोळी आत सारली. आणखी एक. मग गळ्यावरून बोट फिरवून खाली उतरवली. गाईला औषध पाजताना बघितलं होतं तसं. आम्हाला फार मोठं काम केल्यासारखं वाटलं.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी पिपा उघडला तर आतून घाण वास आला. मासोळ्या बाहेर पडल्या होत्या, पचलेल्या नव्हत्या, कुजलेल्या होत्या. धोंड्याच्या अंगात त्राण नव्हतं. आम्ही घाबरलो आणि घाबरून पुन्हा तेच केलं, आणखी एक मासोळी भरवली. संक्रांतीच्या आदल्या दिवशी तो मेला. लिंबाच्या झाडाखाली पुरला. दुसऱ्या दिवशी गावभर तिळगूळ वाटत हिंडलो आणि कुणालाच काही सांगितलं नाही.

दादा हे वाचत असेल. दादा, तुझ्या एकट्याच्या नावावर मी हे टाकत नाहीये. काडी तुझी होती, पण मासोळी माझ्या हातात होती.

* * *

फोन ठेवल्यावर हा विषय डोक्यातून जाईना. मग वाचत सुटलो. सापांच्या हिवाळ्याबद्दल आपल्या लोकांना काय माहीत होतं, कधीपासून माहीत होतं, आणि ते दोन पोरांपर्यंत का पोचलं नाही, हे मला शोधायचं होतं.

पहिला धक्का अमरकोशाने दिला. सापाच्या नावांच्या यादीत दोन शब्द आहेत. एक 'बिलेशय', बिळात झोपणारा. दुसरा 'पवनाशन', म्हणजे वारा हेच ज्याचं अशन, ज्याचं अन्न. आमचे सालगडी सहीपुरतंही शिकलेले नव्हते. पण ते जे बोलले ते एका जुन्या संस्कृत शब्दाचं थेट वऱ्हाडी भाषांतर होतं. किंवा मला वाटतं उलटंच असेल. शेतावरच्या माणसांनी महिनोन् महिने न खाता पडून असलेला साप बघितला आणि मग कुणीतरी त्याला संस्कृत नाव दिलं.

त्याच कोशात 'डुण्डुभ' हेही नाव आहे, निर्विष सापाचं. डुण्डुभ आणि धोंड्या. मी काही भाषाशास्त्रज्ञ नाही, पण दोन्ही शब्द लागोपाठ म्हणून बघा. महाभारतात आदिपर्वात ह्या डुण्डुभाची एक गोष्ट आहे. रुरूच्या होणाऱ्या बायकोला, प्रमद्वरेला, साप चावतो. रुरू आपलं अर्धं आयुष्य देऊन तिला परत आणतो आणि मग दिसेल त्या सापाला काठीने मारत सुटतो. एक दिवस त्याच्या काठीखाली म्हातारा डुण्डुभ येतो आणि विचारतो, बाबा रे, मी तुझं काय केलंय? चावणारे साप वेगळे, आम्ही वेगळे. सापांच्या वतीने एवढा सरळ प्रश्न विचारला गेला तो धोंड्याच्या तोंडून, हे वाचून मला जरा बरं वाटलं आणि जरा वाईटही.

सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात सापांचे पाच गट केले आहेत: दर्वीकर, मंडली, राजिमंत, निर्विष आणि वैकरंज. म्हणजे फणावाले, अंगावर मंडलं असलेले, रेघांचे, बिनविषारी आणि मिश्र. निरीक्षण चांगलं होतं. पण त्याला कारण होतं. वैद्याला सापाशी काम पडायचं ते दंश झाल्यावर. साप काय खातो, कधी खात नाही, ह्याच्याशी त्याचं देणंघेणं नव्हतं.

देवाधर्माचंही तसंच. आपली नागपंचमी श्रावणात. पावसाने बिळं भरतात, साप बाहेर पडतात, माणसाला दिसतात, म्हणून त्यांची आठवण तेव्हा. मार्गशीर्ष-पौषात नागोबाचं नाव फारसं कोणी घेत नाही. तो दिसतच नाही ना!

आणि श्रावणात तरी आपण काय करतो? दूध पाजतो. माझ्या लहानपणी यवतमाळला नागपंचमीच्या सकाळी गारुडी टोपल्या घेऊन दारोदार यायचे. वाटीतलं दूध नाग प्यायचा आणि बायका हात जोडायच्या. त्यामागची गोष्ट फार उशिरा कळली. सापाचं अन्न उंदीर, बेडूक, मासे, पाली. दूध त्याला पचत नाही. पण सणाआधी कितीतरी दिवस नागाला पाण्यावाचून ठेवायचं, दात तोडायचे, कधी तोंडच शिवायचं. मग तहानेने कासावीस झालेला जीव समोर जे ओलं येईल त्यात तोंड घालतो. आपण बघत होतो ती त्याची तहान होती, आणि आपण तिला भूक समजलो.

ही तहान-भुकेची गोष्ट जरा लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

* * *

सापाच्या पोटात शिरून बघणारा माणूस आला तो इंग्रजांच्या काळात. शब्दशः शिरून. सरकारला त्या काळी सापाशी एकच काम ठाऊक होतं, मारणं. मेलेल्या सापामागे बक्षीस मिळायचं. पण मुंबईत १८८३ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी निघाली आणि तिच्या नियतकालिकात १९०५ ते १९१९ पर्यंत फ्रँक वॉल नावाच्या लष्करी डॉक्टरने भारतातल्या नेहमीच्या सापांवर एक लांबलचक लेखमाला लिहिली. हा माणूस जन्मला श्रीलंकेत, नोकरी केली इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये. जाईल तिथे मेलेले साप गोळा करायचा, पोट फाडून आत काय आहे ते लिहून ठेवायचा. बेडूक किती, उंदीर किती, अंडी किती. दूध कुठेच नव्हतं, हे वेगळं सांगायला नको.

मग परळचं हाफकिन. वाल्देमार हाफकिन यांनी १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये प्लेगच्या लसीसाठी प्रयोगशाळा मांडली. तिला १९२५ साली त्यांचं नाव मिळालं. पुढे तिथे सर्पदंशावरची लस तयार होऊ लागली. घोड्याला थोडं थोडं विष टोचायचं आणि त्याच्या रक्तातून प्रतिविष काढायचं. त्यासाठी विष हवं आणि विषासाठी जिवंत साप हवेत. म्हणजे आता पहिल्यांदाच असा एक साप आला ज्याला जिवंत ठेवण्यात माणसाचा रोजचा स्वार्थ होता. तो जगला तर विष, विष मिळालं तर लस, लस मिळाली तर कुठल्या तरी वावरातला माणूस वाचणार. हाफकिनमध्ये सापांवर काम करणारे डॉ. पी. जे. देवरस यांनी तिथल्या सर्पशाळेत कोणत्या सापापासून किती विष मिळालं ह्याच्या नोंदी अभ्यासल्या. त्यांचं 'स्नेक्स ऑफ इंडिया' हे छोटेखानी पुस्तक नॅशनल बुक ट्रस्टने १९६५ साली काढलं.

आणि योगायोग बघा. त्याच १९६५ साली तिकडे कॅलिफोर्नियात विल्बर मेह्यू नावाच्या प्राध्यापकाने शिंगवाल्या वाळवंटी सरड्यांवर काम करताना एक नवीन शब्द घडवला, ब्रुमेशन. लॅटिनमध्ये 'ब्रुमा' म्हणजे वर्षातला सगळ्यात लहान दिवस, ऐन हिवाळा. अस्वलं किंवा खारी हिवाळ्यात झोपतात त्याला हायबरनेशन म्हणतात. पण सापा-सरड्यांचं प्रकरण वेगळं आहे, त्याला वेगळा शब्द हवा, असं त्यांचं म्हणणं. अस्वल आपल्या शरीरातली उष्णता आपण तयार करतं. सापाकडे ती सोय नाही. बाहेर जेवढी ऊब, तेवढाच तो जिवंत, असं म्हटलं तरी चालेल. थंडीत तो गाढ झोपेत नसतो, मंद झालेला असतो. मधूनच हलतो, जागा बदलतो आणि पाणी पितो.

माझ्या नातवाने मला जे समजावलं ते हेच. त्याच्याच क्रमाने सांगतो, कारण आईला पटवण्यासाठी त्याने ते कागदावर लिहून काढलं होतं.

पहिली गोष्ट, फक्त धडधाकट सापालाच थंडीत ठेवायचं. रोडावलेला किंवा आजारी असेल तर ह्या वर्षी नाहीच, त्याला उबेत ठेवून खायला घालत राहायचं. दुसरी, थंडीत नेण्याआधी निदान दोन आठवडे जेवण बंद, पण ऊब चालू. म्हणजे पोटात जे आहे ते पूर्ण पचून बाहेर पडतं. तिसरी, मग हळूहळू तापमान उतरवायचं. एकदम नाही. सुमारे दहा अंशांवर आणून अंधाऱ्या, शांत कोपऱ्यात आठ-दहा आठवडे. गोठणबिंदूच्या जवळपास जाऊ द्यायचं नाही. चौथी, दर आठवड्याला वजन. फार उतरायला लागलं तर उपास मोडायचा, परत उबेत आणायचं. पाचवी, वसंतात पुन्हा हळूहळू ऊब, आणि पूर्ण ऊब मिळाल्यावर काही दिवसांनी पहिला घास, तोही लहानसा.

"पण का?" मी विचारलं. "नाही ठेवलं थंडीत तर?"

"नाही ठेवलं तरी जगतात, आजोबा. पण त्यांच्या शरीराला वर्ष कळत नाही. पिल्लं व्हायची असतील तर हिवाळा लागतो."

शरीराला वर्ष कळत नाही! बारा वर्षांचं पोर.

आणि थंडीत जेवण घातलं तर? तेही त्याने सांगितलं. सापाचं पचन चालतं ते उबेवर. तीस अंशांच्या आसपास असेल तर गिळलेला मासा पोटातल्या रसांत विरघळून जातो. अंग थंड पडलं की ते रस काम करेनासे होतात. पण माशातले जंतू थांबत नाहीत. मासा पोटातच सडायला लागतो. साप तो ओकून टाकतो, नाहीतर त्याने मरतो.

कोठीची खोली. तो वास. हे सगळं त्याने एका वाक्यात सांगितलं आणि मी नुसतं "हं" म्हटलं.

जाता जाता त्याने माशांबद्दल आणखी एक सांगितलं. गार्टर साप गांडुळं, मासे, बेडूक खातात. पण दुकानात मिळणारे गोल्डफिश वारंवार द्यायचे नाहीत. काही माशांमध्ये बी-१ जीवनसत्त्व मोडून टाकणारं द्रव्य असतं. नुसते तेच मासे खाऊन सापाला झटके येतात. म्हणजे पोट भरलेलं आणि तरी उपासमार. हा गार्टर साप आणि आपला धोंड्या एकाच उपकुळातले, चुलत घराणी. धोंड्या अंडी घालतो आणि गार्टर थेट पिल्लं देतो, एवढा फरक आहे. पण पाण्याकाठी राहणं, मासे-बेडूक खाणं आणि धरलं की घाण वास सोडणं ही घरची रीत दोघांची एकच.

* * *

गार्टर सापांचा खरा हिवाळा बघायचा तर कॅनडात, मॅनिटोबा प्रांतात, नार्सिस नावाच्या गावाजवळ. भाचीची मंडळी गेल्या मे महिन्यात गाडी काढून तिथे जाऊन आली. मला फोटो आले. आमच्या घरच्या ग्रुपवर दोन दिवस कोणी काही बोललं नाही. :)

तिथे चुनखडीच्या जमिनीत खोल भेगा आहेत. जमिनीवरचं पाणी गोठतं, पण भेगांच्या तळाशी गोठत नाही. शरद ऋतूत आजूबाजूच्या कित्येक मैलांवरून हजारो साप तिथे येतात आणि एकमेकांच्या अंगावर अंग टाकून हिवाळा काढतात. एप्रिलच्या अखेरीस बर्फ वितळलं की सगळे एकदम वर. तेव्हाही नर लगेच जेवत नाहीत. आधी लग्न, मग जेवणावळ. म्हणजे उपास जवळजवळ सात-आठ महिन्यांचा.

१९९९ साली तिथे वाईट हवामानात हजारो साप भेगांपर्यंत पोचण्याआधीच मेले. त्यात भेगांकडे जाताना महामार्ग ओलांडावा लागतो. दरवर्षी गाड्यांखाली हजारो चिरडायचे. मग लोकांनी रस्त्याकडेला बुटकी कुंपणं घातली आणि रस्त्याखालून सापांसाठी बोगदे काढले. सापाला काही खाऊ घातलं नाही, उचलून घरीही आणलं नाही. फक्त त्याच्या हिवाळ्याकडे जाणारी वाट मोकळी केली.

आपल्याकडेही ह्याच्या जवळचं एक उदाहरण सापडलं. भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात अजगरांचा अभ्यास झाला आहे. तिथले अजगर हिवाळ्यात साळिंदरांच्या वगैरे बिळांत मुक्काम ठोकतात आणि उन्हं वर आली की बिळाच्या तोंडाशी येऊन अंग शेकतात. ऊन गेलं की आत. आमच्या टिपेश्वरच्या बाजूला जंगलात हिंडणारी मंडळीही थंडीतला अजगर असाच उन्हाला पसरलेला दिसल्याचं सांगतात.

हे वाचलं आणि आमचं नेमकं काय चुकलं ते उमगलं. भरवणं तर चुकलंच. पण त्याच्याही आधीची चूक म्हणजे तो पिपा. यवतमाळचा हिवाळा मिनेसोटाचा नाही. इथे दुपारी छान ऊन असतं. मोकळा धोंड्या त्या उन्हात विहिरीच्या दगडावर येऊन पडला असता, अंग तापलं असतं तर एखादी मासोळीही खाल्ली असती आणि पचवली असती. थंडी वाढली असती तर धुऱ्यावरच्या बिळात शिरला असता. कधी ऊन, कधी बीळ, कधी घास, कधी उपास, हे त्याचं तो ठरवत होता. आम्ही त्याला बिनखिडकीच्या खोलीत कोंडलं आणि ठरवण्याचं काम आपल्याकडे घेतलं. आणि आम्हाला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं.

साप पाळणं म्हणजे मला आता एवढंच वाटतं: त्याचा ऋतू आपण होणं. त्या पोराने आपल्या दोन सापांसाठी नोव्हेंबर व्हायचं, जानेवारी व्हायचं आणि मार्चही व्हायचं. वहीत वजनं लिहून ते तो करतोय. आमच्याकडे फक्त प्रेम होतं, तेही आजीच्या पद्धतीचं, ताटात वाढण्याचं.

* * *

आता कायद्याचं. हे वाचून कुणाला धोंड्या पाळायची हुक्की आली तर हात जोडून सांगतो, करू नका. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा आहे. आपल्याकडचे जंगली साप पकडून घरात ठेवणं हा गुन्हा आहे. आम्ही पिप्याला भोकं पाडली तेव्हा कायद्याला पाच वर्षं झाली होती. पण दारव्ह्याच्या आसपास तेव्हा ते कुणाच्या कानावरही नव्हतं.

ते कानावर घालायला माणसं लागली. १९७६ मध्ये सापाच्या कातड्याच्या निर्यातीवर बंदी आली. तमिळनाडूत साप धरून कातडी विकणाऱ्या इरुळ लोकांचा धंदा बसला, तेव्हा रोम्युलस व्हिटेकर यांच्या पुढाकाराने १९७८ साली त्यांची सहकारी संस्था उभी राहिली. साप धरायचा, मडक्यात काही आठवडे ठेवायचा, विष काढायचं आणि परत रानात सोडून द्यायचा. पुण्यात १९८० साली नीलिमकुमार खैरे ७२ विषारी सापांबरोबर ७२ तास एका खोलीत राहून दाखवते झाले, आणि १९८६ मध्ये कात्रजचं सर्पोद्यान सुरू झालं. मी नोकरीनिमित्त पुण्याला आल्यावर ते बघायला गेलो होतो. एका काचेमागे धोंड्या होता. मी पुढे सरकलो.

आज यवतमाळमध्ये गावोगाव सर्पमित्र आहेत. साप निघाला की फोन जातो. गेल्या हिवाळ्यात गावी गेलो तेव्हा अशाच एका पोराशी बोललो. तो म्हणाला, थंडीत फोन कमी येतात, पण येतात ते अशा जागांवरून: पऱ्हाटीचा ढीग, कुटाराची गंजी, शेणखताचा खड्डा, घरात साठवलेल्या कापसाखाली. ऊब जिथे आहे तिथे. "काका, अशा वेळी काय करायचं? तो चावायलाही आलेला नसतो. मी घरच्यांना सांगतो, निर्विष आहे, जमत असेल तर दोन महिने ढीग हलवू नका."

जमत असेल तर ढीग हलवू नका. आमचे सालगडी वेगळं काय सांगत होते?

एका बाबतीत मात्र त्यांचंही अर्धवट होतं. वारा खाऊन साप राहतो, हे खरं धरू. पण पाण्याचं ते काही बोलले नाहीत, आणि पिप्यात पाणी ठेवायचं आमच्या डोक्यातही आलं नाही. नातवाच्या कागदावर मी मुद्दाम गाळलेला एक मुद्दा आहे, सगळ्यात खाली, दोनदा अधोरेखित केलेला: पाणी रोज ताजं, एक दिवसही चुकवायचं नाही. थंडीत साप मरतात ते बहुधा भुकेने नाही, सुकून मरतात. म्हणजे उपास असतो, पण निर्जळी एकादशी नसते. गारुड्याच्या नागापुढे आम्ही दूध धरलं, धोंड्याच्या तोंडात मासोळी कोंबली. पाण्याची वाटी दोन्ही वेळा कुणीच ठेवली नाही.

भाचीला मी त्या दिवशी सांगितलं, "तो बरोबर करतोय. त्याला करू दे. तू फक्त पाण्याकडे लक्ष ठेव."

"आणि जेवण?"

"जेवणाचं नाव काढू नकोस."

"तू अगदी पणजीच्या उलट बोलतोयस हं मामा," ती म्हणाली.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात एक व्हिडिओ आला. अर्ध्या मिनिटाचा. दोन्ही साप दिव्याखाली पसरलेले, वजन थोडं उतरलेलं पण अंगावर तकाकी. चिमट्यात एक गांडूळ. आधी जीभ लपलपली, मग डोकं पुढे आलं आणि घास गेला. मागून पोराचा आवाज, इंग्रजी-मराठीत, "आजोबा, उपास सुटला."

तो व्हिडिओ मी दादाला पाठवला. दादाचं उत्तर एरवी अंगठ्याचं असतं. ह्या वेळी बराच वेळ काही आलं नाही. मग रात्री एक ओळ आली: लिंबाचं झाड अजून आहे.

असो. ह्या संक्रांतीला गावी जायचं ठरतंय. विहिरीवर दुपारचं ऊन चांगलं येतं.